सबनीसांचा पोलादी दस्ता

कुणाच्या घरी नवीन वस्तू आली की सबनीस ती आधी उलटी करून बघत. मिक्सर असो, खुर्ची असो, मुलांची सायकल असो. नखाने टकटक करायचे, नाक मुरडायचे आणि म्हणायचे, "कंपनी अर्धीच वस्तू विकते, देसाई. उरलेली अर्धी आपण घरी करायची असते." नव्वदच्या दशकात आम्ही सिंगापूरला बेडोकमध्ये राहत होतो, तेव्हा हे वाक्य इतक्या वेळा कानावर आलं, की माझ्या बायकोने त्यांच्यासमोर नवीन वस्तू काढणंच सोडून दिलं.

आम्ही दोघेही बोटीवरून उतरून ऑफिसच्या टेबलाशी आलेले इंजिनियर. एकच जहाज कंपनी, एकच ब्लॉक. ते मला वरिष्ठ. त्यांचा हात चांगला होता, हे मी नाकारत नाही. पण दुरुस्तीपेक्षा त्यांना चूक कुणाची, हे ठरवण्यात जास्त गोडी. पंखा दुरुस्त केला की तो बनवणाऱ्याची, विकणाऱ्याची आणि इतके दिवस तसाच वापरला म्हणून सुनंदावहिनींची हजेरी घेतल्याशिवाय काम पुरं होत नसे. पाहुण्यांसमोर तर हटकून.

त्यांची मुलगी गौरी चौदा वर्षांची होती. शाळेच्या नेमबाजी क्लबमध्ये जायची, एअर रायफल चालवायची. तो छंद तिने स्वतः शोधला होता, घरात कुणी सांगितला नव्हता, आणि मला वाटतं सबनीसांना तेच सलत असावं. एकदा ते सराव बघायला गेले आणि तिची रायफल उलटी करून आले. दस्ता, म्हणजे नळीखालचा, खांद्याला टेकणारा सांगाडा, काळ्या प्लास्टिकचा, आतून पोकळ. पुढच्या भागावर जोर पडला की तो किंचित वाकून नळीला टेकतो, आणि छरा भलतीकडे जातो. निदान बरोबर होतं. गौरीलाही ते ठाऊक होतं. हलक्या हाताने धरलं की दस्ता वाकत नाही, असं कोचने तिला शिकवलं होतं आणि तिने ते अंगी मुरवलं होतं. पण हलक्या हाताने धरणं हा उपाय सबनीसांच्या लेखी उपायच नव्हता.

सिंगापूरमध्ये रायफल घरी आणणं शक्यच नव्हतं. ती क्लबमध्ये कुलपात असायची. सबनीस कोचच्या इतके मागे लागले, की शेवटी त्या बाईंनी कंटाळून नुसता सुटा दस्ता घरी न्यायला दिला. तो त्यांनी जेवणाच्या टेबलावर पसरला. आतली पोकळी पॉलिश पेपरने घासली, वर्कशॉपमधून आणलेल्या पोलादी सळ्या तिच्यात बसवल्या, वरून इपॉक्सी ओतलं आणि शिकंज्यात आवळून ठेवलं. मी गेलो तेव्हा वहिनी आणि गौरी स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानेच जेवत होत्या. टेबल हलवायचं नाही, असा हुकूम होता. घरभर इपॉक्सीचा वास.

दस्ता तयार झाला. वाकणं साफ थांबलं होतं. सबनीसांनी तो माझ्या हातात दिला आणि तोंडाकडे बघत राहिले. मी उचलला, तर पुढच्या बाजूने जमिनीकडे ओढ घेणारा. गौरीने दोन्ही हातांनी धरून पाहिला आणि शाळेतल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली,

"बाबा, टू हेवी ला. उभं राहून धरता नाही येणार."

"दंड कमवा," सबनीस म्हणाले. "वस्तूत दोष नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो क्लबमध्ये नेऊन तिच्या रायफलला बसवला. क्वालालंपूरच्या स्पर्धेसाठी शाळेचा संघ निवडायचा होता. त्या दिवशी तिने कोचला सांगून क्लबची दुसरी रायफल घेतली, तशाच साध्या प्लास्टिकच्या दस्त्याची, आणि संघात निवडली गेली. सबनीस पालकांच्या बाकावर होते. लोक अभिनंदन करत होते, तेव्हा ते तिच्या हातातल्या रायफलकडे बघत होते.

पुढच्या आठवड्यात मी ऑफिसच्या कामासाठी त्यांच्याकडे गेलो. ते फोनवर कोचशी बोलत होते. गौरीला खूप ताप आहे, म्हणत होते, ती प्रवास करू शकणार नाही, दुसरी मुलगी घ्या. गौरी तिथेच उभी होती, शाळेच्या गणवेशात, ठणठणीत. फोन ठेवून त्यांनी वहिनींना चहा टाकायला सांगितलं.

"सबनीस, परत फोन लावा," मी म्हणालो.

"हा आमच्या घरातल्या शिस्तीचा प्रश्न आहे, देसाई. तुम्ही कागद दाखवा."

कागद तिथेच ठेवून मी निघालो. चहा घेतला नाही. त्यानंतर ऑफिसबाहेर मी त्यांच्याशी बोललो नाही आणि मला ते कधी जड गेलं नाही. गौरीने क्लब सोडला. तो वजनदार दस्ता काही दिवसांनी शाळेने परत पाठवला, तो सबनीसांनी हॉलमध्ये शोकेसवर मांडला, असं बायकोकडून कळलं.

काही वर्षांनी ते निवृत्त होऊन पुण्याला निघाले. पासिर रिसला एका सहकाऱ्याच्या घरी निरोपाचं जेवण होतं, जाणं भाग होतं. सबनीस रंगात आले होते. गौरीसाठी आपण किती खपलो, हे सांगत होते. "क्वालालंपूर गाजवलं असतं पोरीने. पण ऐन वेळी तापाने फणफणली. नशीब." मला शिसारी आली.

गौरी जेवण वाढत होती. तिने पातेलं खाली ठेवलं. "मला ताप नव्हता, बाबा. तुम्ही जाऊ दिलं नाहीत."

सबनीस हसले. "लहान होतीस तू. तुला काय आठवणार? विचार आईला."

वहिनी पानावरून मान वर करून म्हणाल्या, "नव्हता तिला ताप."

सबनीसांना काहीतरी म्हणायला जागा होती, निदान उठून जायला तरी. त्यांनी वाटी पुढे केली आणि श्रीखंड मागितलं.

पुढे ते पुण्यातच वारले. कळलं तेव्हा मी आतून थोडं चाचपून पाहिलं, दुःख सापडलं नाही. वहिनींना मात्र फोन केला. सांत्वनाचे शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "भाऊजी, सावकाश बोलू आपण. गौरीकडे निघालेय कायमची. बॅग भरतेय."