बालदीतलं हृदय

इद्रीस परकार जिला घाबरत नाही अशी एखादी गोष्ट सांगा म्हटलं असतं, तर कुवेतमधल्या फहाहीलला तो राहायचा त्या खोलीतली सगळी माणसं डोकं खाजवत बसली असती. तो विजेच्या बटणाला घाबरे, उंटाला घाबरे, साहेबाच्या कुत्र्याला घाबरे आणि साहेबाला कुत्र्याहून जास्त घाबरे. अशा माणसाने डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं, आणि त्याचं कारणही भीतीच होतं.

कुवेत स्वतंत्र झालं त्याच्या आगेमागेची ही गोष्ट. इद्रीस मूळचा दाभोळचा. इतिहास आणि फारसी घेऊन इंटर आर्ट्स झालेला. तेलाच्या कामावरच्या मजुरांसाठी तिथे एक लहानसा दवाखाना होता, त्यात तो कारकून लागला. काम नावं लिहून घ्यायचं. पण डॉक्टर इंग्रज आणि रोगी रत्नागिरीचा असला की मध्ये इद्रीसला उभं करत. एकदा एक खलाशी पोट दाबत आला. "पोटात कुरली चालतेय," म्हणाला. इद्रीसने इमानाने इंग्रजी केलं : याच्या पोटात खेकडा चालतो आहे. डॉक्टरला वाटलं, गड्याने शिळा खेकडा खाल्ला. त्याने रेचक दिलं. संध्याकाळी खलाशी बेशुद्ध पडला आणि मग कळलं की दुखणं अपेंडिक्सचं होतं. तो वाचला, पुढे इद्रीसला खजूरही देऊन गेला. पण इद्रीसची झोप उडाली ती उडालीच. आपल्या भाषांतराने एक दिवस कोणीतरी मरणार, या धास्तीने तो रोज दवाखान्याची पायरी चढे. रोग्याचं ऐकणारा आणि औषध देणारा एकच माणूस असेल तरच ही भीती संपेल, असं त्याच्या मनाने घेतलं.

आणि तशी संधी आली. बाहेरदेशी एक नवं मेडिकल कॉलेज निघालं होतं. सायन्स न शिकलेल्यांनाही ते तयारीच्या वर्षात घेणार होतं. अट एकच, लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा पास व्हायची. ती कुवेतमध्येच होणार होती. पण वयाची मर्यादा होती, आणि इद्रीसचं त्या मर्यादेतलं हे शेवटचं वर्ष होतं. या खेपेला हुकलं की जन्मभर खेकड्यांचं इंग्रजी करायचं.

खोलीचे कर्ते होते मजीदचाचा. कंपनीच्या कॅम्पात खानसामा. दिवसभर साहेबांना उकडलेलं खायला घालून आलेला त्यांचा राग रात्रीच्या कालवणात उतरे, त्यामुळे कालवण फार उत्तम होई. खोलीत सगळ्यात लहान इद्रीस, म्हणून मासे साफ करण्याचं काम कायमचं त्याच्याकडे. त्या कामाला चाचांचा एक कायदा होता : ज्याच्या हातून माशाचं पित्त फुटेल त्याने तो कडू मासा सगळ्यांसमोर एकट्याने संपवायचा. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात इद्रीसने एक आख्खा मासा असा डोळ्यांतून पाणी काढत संपवला होता. त्यानंतर त्याच्या हातून पित्त कधी फुटलं नाही.

"डॉक्टर होतोस?" चाचा म्हणाले. "परवा माझं बोट कापलं तर चक्कर तुला आली."

"चाचा, ते अचानक कापलं म्हणून."

"मग काय, सांगून कापू?"

गोड्या पाण्याचा टँकर चालवणारा रफीक कॉटवरून म्हणाला, "होऊ द्या हो चाचा. रोग्याला धीर येईल. आपल्यापेक्षा डॉक्टरच जास्त घाबरलाय म्हणताना माणूस आपलं दुखणं विसरतो."

हसले सगळे, पण त्या दिवसापासून खिडकीजवळची उजेडाची जागा इद्रीसला मिळाली. कामावरून आला की तो पुस्तकं उघडून बसे. पदार्थविज्ञानात एक गाडी उतारावरून सुटे ती त्याच्या पोटात येऊन थांबे. रसायनशास्त्रात तर आम्ल आणि अल्कली यांची भांडणं. फारसीतले आशिक त्यांच्यापेक्षा समजूतदार. पण खरी दहशत बेडकाची. प्रात्यक्षिकात बेडूक फाडून आतले अवयव दाखवावे लागत, असं ऐकिवात होतं, आणि त्या वाळवंटात बेडूक आणायचा कुठून? रफीक टँकर घेऊन सलव्यापासून अबू हलीफापर्यंत हिंडे. त्याने ठिकठिकाणी चौकशी केली. पाण्याच्या गाडीवाल्याने बेडूक विचारल्यावर लोक टाकीतच डोकावून बघू लागले, तेव्हा मालकाने त्याला दम भरला. शेवटी इद्रीसने बेडूक कागदावर काढला आणि पेन्सिलीने त्याला इतक्यांदा फाडला की, स्वप्नात बेडूकच त्याच्याकडे सुटकेची विनंती करू लागला.

लेखी परीक्षा कशीबशी पार पडली. प्रात्यक्षिकाच्या दिवशी रफीकने त्याला टँकरमधून शहरातल्या शाळेपाशी आणून सोडलं. मजीदचाचाही रजा टाकून बरोबर आले होते. "घाबरू नको," ते म्हणाले, पण ते स्वतःच पुन्हा पुन्हा टोपी काढून पुन्हा घालत होते, म्हणून इद्रीस आणखी घाबरला.

आत लांबच लांब टेबलं, प्रत्येकापुढे एक ट्रे, टाचण्या, चिमटा, कात्री, धारदार सुरी आणि खाली एक बालदी. परीक्षक होते हैदराबादकडचे डॉक्टर अशरफ, पांढऱ्या भुवयांचे. त्यांनाही कुवेतमध्ये बेडूक मिळाला नव्हता. त्यांनी सकाळी बाजारातून मासे आणवले होते. इद्रीसच्या ट्रेमध्ये एक हमूर मासा त्याच्याकडे बघत पडला होता.

"मासा उघडा आणि आतली रचना दाखवा," डॉक्टर अशरफ म्हणाले.

बेडूक गेला, पेन्सिल गेली, तोंडपाठ केलेलं सगळं गेलं. इद्रीसच्या कानात दडे बसले. डोकं बंद पडलं, हात मात्र चालू राहिले. त्यांनी आपल्या ओळखीचं काम सुरू केलं. सरसर खवले निघाले, कल्ले सुटले, पोट चिरलं गेलं, आतलं सगळं एका मुठीत आलं आणि बालदीत पडलं. मासा नळाखाली धुऊन झाला. मसाला मुरावा म्हणून दोन्ही अंगांना तिरक्या चिरा पडल्या. हळदीसाठी हात पुढे गेला, तेव्हा इद्रीस जागा झाला.

समोर डॉक्टर अशरफ उभे होते.

"हृदय कुठे आहे?" त्यांनी हिंदुस्थानीत विचारलं.

"बालदीत, साहेब."

"यकृत?"

"तेही बालदीत."

"मग ट्रेमध्ये काय ठेवलंत?"

इद्रीसच्या तोंडून खरं तेच निघालं. "कालवण, साहेब."

शेजारच्या टेबलावर कोणीतरी फिसकन हसलं. इद्रीसला दाभोळची खाडी दिसली, खलाशी दिसला, मरेपर्यंतचे सगळे खेकडे एका रांगेत दिसले. निघून जा, एवढंच ऐकायचं राहिलं होतं.

डॉक्टर अशरफ खाली वाकले. चिमट्याने बालदीत काहीतरी शोधत राहिले, आणि त्यांनी पित्ताची हिरवट पिशवी वर काढली. टपोरी, भरलेली, अखंड. मग त्यांनी बाकीच्या ट्रेंवरून नजर फिरवली. बहुतेकांत हिरवं पाणी पसरलं होतं.

"हे फुटलं कसं नाही?"

"फुटलं तर मासा कडू होतो, साहेब. आणि तो मलाच खावा लागतो."

पांढऱ्या भुवया वर गेल्या, थोडा वेळ तिथेच राहिल्या. मग त्यांनी दुसरा मासा आणवला.

"हात ठीक आहे तुमचा. पण आता यातलं काहीही फेकायचं नाही. फक्त बघायचं."

आता इद्रीस शुद्धीवर होता, म्हणजे पहिल्यापेक्षाही घाबरलेला. सुरी एवढीशी पुढे सरके की तो हात आवरे. मूठ आपोआप वळू लागे, ती तो उघडे. आजवर शेकड्यांनी मासे त्याने साफ केले होते, पण एकाच्याही आत त्याने पाहिलं नव्हतं. कल्ल्यांच्या मागे, गळ्याशी, एक लहानसं लाल काहीतरी होतं. त्याने भीत भीत बाजूचा पडदा दूर केला आणि टाचणी लावली.

"हृदय," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की डॉक्टर अशरफना कान पुढे करावा लागला.

ते सरळ पुढच्या टेबलाकडे गेले.

बाहेर चाचांनी टोपी हातात धरूनच विचारलं, "काय झालं?"

"माहीत नाही. एक मासा मी कालवणाचा केला."

"आणि तो आणला नाहीस?" रफीक ओरडला. चाचांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि तिघेही टँकरमध्ये चढले.

प्रवेश मिळाल्याचं कळलं त्या दिवशी खोलीत बिर्याणी झाली. चाचा तोंडाने शिव्या आणि डोळ्यांनी दुसरंच काही देत होते. उद्यापासून मासे कोण साफ करणार, यावर भांडण पेटलं होतं. इद्रीसने मात्र घास हातातच धरला होता.

"अरे खा की, डॉक्टर!" रफीक म्हणाला. "आता कसली भीती?"

"आतापर्यंत माशाला घाबरत होतो," इद्रीस म्हणाला. "आता माणसं येतील."

चाचांनी स्वतःच्या ताटातली मटणाची बोटी उचलून त्याच्या ताटात टाकली. "घाबरूनच काप," ते म्हणाले. "पित्त तसंच वाचतं."