मलमलीखालची केळी

परवा नव्या पेठेत एका दुकानदारानं सुकेळ्यांचा डबा उघडला आणि त्या गोड, किंचित आंबूस वासानं मी जागीच थांबले.

लहानपणी आमचे वडील, आबा, केळी सुकवून टिकवायच्या खटपटीत असायचे. कडक उन्हात ती वरून कडक होत आणि आतून आंबत. माझी थोरली बहीण यमुनाआक्का म्हणाली, "आबा, ऊन नकोच. सावलीत, वारं लागंल तितं ठिवू की." तिनं केळी सोलून माडीवरच्या बाजेवर मांडली आणि वर मलमल बांधली. त्याच आठवड्यात शहरात प्लेग आला. आम्ही शहराबाहेर, कुंभारी गावच्या शेतात झोपडी बांधून राहिलो. तिथंच आक्का प्लेगनं गेली.

साथ ओसरल्यावर घरी परतलो. आबा थेट माडीवर गेले, मागोमाग मी. मलमलीखाली केळी मधाच्या रंगाची, मऊ झाली होती. आबांनी एक चावून बघितलं. मग जिन्याकडे वळून नेहमीच्या आवाजात हाक मारली, "यमुने, वर ये. लई चांगली झाल्यात बघ."

खाली आईच्या हातातली भांडी वाजायची थांबली. मी जिन्याकडे बघत राहिले, आक्का येईल म्हणून. आबांना भान राहिलं नसेल, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. आता वाटतं, तेही माझ्यासारखीच वाट बघत होते.