झाडूच्या कपाटातली आई

थोरल्या चर्चला आग लागली तेव्हा मेणमावशी तिसऱ्या बाकाखाली गुडघे टेकून मेण खरवडत होती. त्या दुपारी आपण तिथंच होतो, असं नंतर निम्म्या शहरानं सांगितलं. मावशी खरोखरच तिथं होती, त्यामुळे तिला कुणी काही विचारलं नाही.

सत्तावीस वर्षं तिचं हेच काम. लोक मेणबत्ती लावायचे, मनातलं मागायचे आणि निघून जायचे. मागणं वर पोचायचं की नाही ते देव जाणे, मेण मात्र न चुकता खाली पोचायचं. दगडी फरशीवरचं बोथट सुरीनं निघे. गालिच्यावरचं मेण हट्टी. त्यावर जाड कागद ठेवायचा आणि वरून गरम इस्त्री फिरवायची, म्हणजे मेण वितळून कागदात उतरतं. या कामापायी तिचे गुडघे गेले. मधल्या काळात नवराही गेला, मुलाचं लग्न झालं, घरात सून आली. मेण काही संपलं नाही.

आग छपरातून आली. वर महिनाभर दुरुस्ती चालली होती आणि दुरुस्तीवाल्यांनी छपराचा कायमचाच निकाल लावला. मावशीनं धूर पाहिला, आरडाओरडा केला, बाकांवरच्या चार म्हाताऱ्यांना अक्षरशः ढकलत बाहेर काढलं आणि स्वतः सुरी हातात धरून रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली. तेवढ्यात विश्वस्तांचे अध्यक्षसाहेब अग्निशमनवाल्याचं शिरस्त्राण घालून आत धावले. धाडसच म्हणायचं, खोटं कशाला बोला. पाच मिनिटांनी ते बाहेर आले, तेव्हा त्यांच्या छातीशी वेदीवरची लाकडी मूर्ती होती, सगळं शहर जिला आई म्हणायचं ती. मूर्ती चांगली हातभर उंच, सहाशे वर्षांची, चर्चचा जीव की प्राण. गर्दीनं हंबरडा फोडला, फोटोवाल्यांनी फोटो काढले.

मावशीनं शेजारच्या जवानाची बाही ओढली. "अहो, ती नाही हो! खरी आत आहे, झाडूच्या कपाटात."

"मावशी, धूर डोक्यात गेलाय तुमच्या," जवान मायेनं म्हणाला. "बसा इथं, पाणी प्या."

आता हे कपाटाचं प्रकरण सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी वेदीशेजारची भिंत पाझरायला लागली आणि आईच्या लाकडाला बुरशी धरली. तज्ज्ञ आले. मूर्ती कोरड्या जागी हलवा, हवाबंद काचपेटी करून घ्या आणि तोवर लोकांसाठी एक प्रतिकृती ठेवा, असं सांगून ते चहा पिऊन गेले. प्रतिकृती महिन्याभरात झाली, काचपेटी मात्र समितीत अडकली. सबंध चर्चमध्ये कोरडी जागा एकच, मागच्या बोळात गरम पाण्याच्या नळाला लागून असलेलं मावशीचं झाडूचं कपाट. तेव्हाच्या व्यवस्थापकांनी आईला चादरीत गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलं आणि किल्लीवालीला, म्हणजे मावशीला, बजावलं, "कुठं बोलू नका. काचपेटी येईपर्यंत तात्पुरतं आहे." पुढे समिती बदलली, कागद गहाळ झाले आणि चार वर्षांपूर्वी व्यवस्थापकही वारले. तात्पुरतं तेवढं टिकलं.

मावशी रोज सकाळी बादली काढायला कपाट उघडायची. आधी नुसती धूळ झटकायची. मग नवरा गेला, आणि ती बोलायलाही लागली. गुडघ्यांचं, सुनेचं, पाणी आलं नाही त्याचं. आईच्या डाव्या हाताची करंगळी कधीकाळी तुटलेली होती आणि मावशी त्या तुटक्या जागेवरून अंगठा फिरवून मगच कामाला लागायची. बाहेर वेदीपाशी लोक रंगवलेल्या प्लास्टरपुढे रडायचे, मागायचे आणि म्हणे त्यांचं मागणं पुरंही व्हायचं. मावशीला त्यात काही वावगं वाटलं नाही. खऱ्या आईला तिथं कपाटात जरा निवांतपणा मिळत होता.

आणि आता आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

दुसऱ्या दिवसापासून शहराला दुःखाचा जो काही भर आला, तो पाहण्यासारखा होता. ज्यांनी चर्चकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्यांचंही बालपण त्याच्या सावलीत गेलेलं निघालं. केशकर्तनालयानं काळी फीत लावली आणि खाली 'दुकान चालू आहे' अशी पाटीही लावली. विम्याच्या एजंटांनी राख पाहून डोळे पुसले आणि रांगेत आपली कार्डं वाटली. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर अध्यक्षसाहेब आणि आई, वर मोठा मथळा: 'एका बोटालाही धक्का नाही!' प्रतिकृती करणाऱ्यानं हौसेनं करंगळी पुरी केली होती. सहाशे वर्षांच्या आईला अकरा वर्षांपूर्वी एका रात्रीत बोट फुटलं आणि ते अजून एवढ्या मोठ्या शहरात कुणाच्या लक्षात येऊ नये!

घरी सून टीव्हीपुढे बसून मुसमुसत होती. लग्नाला नऊ वर्षं झाली, सासूच्या कामाच्या जागी ती एकदाही आली नव्हती.

"सासूबाई, तुमच्या डोळ्यांत टिपूस नाही हो," ती म्हणाली. "तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

"वाटतंय ना," मावशी म्हणाली. "कपाटाची काळजी वाटतेय."

सुनेनं नवऱ्याकडे असं पाहिलं, की आता सासूबाईंना डॉक्टरला दाखवायलाच हवं.

समितीचं कार्यालय शेजारच्या शाळेत हललं होतं. मावशी तिथं तीन दिवस गेली. पहिल्या दिवशी साहेब मुलाखत देत होते, दुसऱ्या दिवशी दुसरी मुलाखत देत होते. तिसऱ्या दिवशी छातीवर बिल्ला लावलेल्या एका बाईनं तिला शोकवही पुढे केली. "तुमच्या भावना इथं लिहा, साहेब सगळं वाचतात." मावशीनं जीभ दातांखाली धरून ठळक अक्षरात लिहिलं: 'खरी आई झाडूच्या कपाटात आहे.' बिल्लेवाल्या बाईनं ते वाचलं आणि तिला भरून आलं. "किती खोल लिहिलंत हो!" दुसऱ्या दिवशी ते वाक्य 'एका सफाई कामगाराचं चिंतन' म्हणून चौकटीत छापून आलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

त्याच पानावर खाली बारीक अक्षरात बातमी होती. गुरुवारी मागचा बोळ पाडून मलबा शहराबाहेर खड्ड्यात टाकणार. मागचा बोळ म्हणजे नळ, आणि नळ म्हणजे कपाट. आग लागली तेव्हाही मावशी इतकी घाबरली नव्हती.

बुधवारी सकाळीच ती बादली आणि फडकी घेऊन फाटकाशी उभी राहिली.

पहारेकरी म्हणाला, "कामगारांशिवाय कुणाला आत सोडायचं नाही."

"मग मी कोण दिसते तुला? पाहुणी?"

त्यानं बादलीकडे पाहिलं आणि बाजूला झाला. साहेबांचा पास मिळवायला लोक आठवडाभर तिष्ठत होते, मावशीला बादली पुरली.

आत वर छप्पर नव्हतं, आभाळ होतं. सत्तावीस वर्षं घासलेली फरशी काळ्या चिखलाखाली गेली होती. तिचा तिसरा बाक कोळसा होऊन पडला होता. मावशीनं पदर नाकाला लावला आणि कशाकडे फार न बघता मागच्या बोळात गेली. कपाटाचं दार फुगलं होतं, किल्ली फिरेना. तिनं सुरीनं फट खरवडली आणि खांद्यानं धक्का दिला. झाडूंची मुठीएवढी राख झाली होती. फळी कोपऱ्यात करपली होती, चादरीतून फुटलेल्या नळाचं पाणी ठिबकत होतं आणि चादरीत आई होती. ओली, काळवंडलेली, करंगळी नसलेली.

मावशीनं अंगठा त्या तुटक्या जागी ठेवला आणि मग ती रडली. आठ दिवसांचं, नवऱ्याच्या वेळचं राहिलेलं, सगळं एकदम आलं. पोटभर रडून झाल्यावर तिनं आईला कोरड्या फडक्यात गुंडाळलं, बादलीत उभं केलं आणि वर घडी करून पुसणं घातलं.

बाहेर चौकात मांडवात प्रतिकृती ठेवली होती आणि समोर ही रांग.

"अहो बाई, ती घाणेरडी बादली लांब न्या!" रांगेतली एक बाई करवादली. "इथं लोक आईला भेटायला आलेत, काही समजतं का?"

मावशी लांबून गेली.

त्या दिवशी मात्र तिनं बिल्लेवालीला जुमानलं नाही. थेट अध्यक्षसाहेबांच्या टेबलावर बादली ठेवली आणि पुसणं उचललं. साहेबांनी भिंतीवरच्या आईच्या जुन्या फोटोकडे पाहिलं, मूर्तीच्या हाताकडे पाहिलं आणि उठून आधी दार लावलं. मावशीनं सगळी हकिगत सांगितली, काचपेटीपासून.

"म्हणजे मी जीव धोक्यात घालून..." साहेब मटकन खुर्चीत बसले.

"प्लास्टर वाचवलंत," मावशी म्हणाली. "पण मनापासून वाचवलंत."

साहेब कपाळ चोळत खिडकीशी गेले. मग हळू आवाजात म्हणाले, "मावशी, बाहेर बघा. आत्ताच जळलंय, लोक अजून सावरले नाहीत. त्या मूर्तीवर सगळ्यांची आशा टिकून आहे. आज हे कसं सांगायचं? समितीपुढे ठेवतो ना मी. योग्य वेळ आली की."

"आणि तोवर हिला?"

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. शाळेच्या भिंतींनाही ओल होती. "तोवर... तुमच्या घरी कोरडी जागा आहे का? अगदी तात्पुरतं."

मावशीला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. हा शब्द तिनं अकरा वर्षं रोज सकाळी झटकला होता.

बसमध्ये बादली मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली. घरी पोचली तेव्हा सून टीव्हीपुढेच होती. पडद्यावर मांडवातली आई चकाकत होती. मावशीनं स्वयंपाकघरात शेगडीमागच्या फळीवरचे डबे सरकवले, आईला उभं केलं आणि फडकं पिळलं.

सून दारात येऊन उभी राहिली. "हे काय भंगार उचलून आणलंत? बोटसुद्धा धड नाही त्याला. ती टीव्हीवरची बघा, कशी सुंदर आहे. बघूनच कसा धीर येतो."

"येऊ दे की," मावशी म्हणाली. आणि तुटक्या बोटावरून अंगठा फिरवत तिनं सुनेची समजूत घातली, "हे आपलं तात्पुरतं आहे गं."