गिरणीच्या पट्ट्याचं दप्तर

आरमोरीच्या एका राइस मिलमध्ये मी बावीस वर्षं वजनकाट्यावर होतो. पोत्यात दोनशे ग्रॅमचा फरक आला तरी ते पुन्हा काट्यावर ठेवायला लावायचो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, मुलगी पाचवीत असताना, तिच्या शाळेच्या नव्या स्कर्टची खालची कड मला तिरपी दिसली. मी तिला घेऊन थेट शिंप्याशी भांडायला गेलो.

“माह्या कात्रीवर काऊन येता भाऊ?” तो म्हणाला. “हे घ्या टेप. तुमीच मोजा.”

मी खाली बसून मोजलं. जमिनीपासून कडेपर्यंत डावीकडे साडेचौदा इंच, उजवीकडे सव्वापंधरा. पुन्हा मोजलं, तेच. मग शिंप्यानं स्कर्ट कमरेपासून खालपर्यंत मोजून दाखवला. दोन्हीकडे सारखा.

“कपडा बरोबर हाये. पोरगीच एका अंगाले झुकली. खांदे पाहा तिचे.”

उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं वर होता. ही मुलगी रोज माझ्यासमोर जेवायला बसत होती. 

“कधीपासून?” मी तिला विचारलं.

“मी सांगतलं होतं न, पाठ दुखते म्हणून,” ती म्हणाली. “दोनदा.”

सांगितलं होतं. दोन्ही वेळा मी हसून म्हणालो होतो, “एवढ्याशा पोरीले कुठची कंबर आली?” आमच्याकडे सगळेच म्हणतात तसं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिला दप्तरासकट मिलमध्ये बोलावलं. मुलगी पंचवीस किलो पाचशे. दप्तर सात किलो चारशे. काटा बिघडला असेल म्हणून मी वजनाचं माप ठेवून तपासला. काटा बरोबर होता.

ते दप्तर माझंच काम. मिलच्या जुन्या ताडपत्रीचं, मोच्याकडून शिवून घेतलेलं, आणि खांद्यावर एकच पट्टा. तो मिलचं मशीन फिरवणाऱ्या जुन्या पट्ट्याचा, चार बोटं रुंद. तीन वर्षांत एक टाका उसवला नव्हता, याचा मला अभिमान होता. पुढे धाकट्या मुलालाही चालावीत म्हणून पुस्तकांना जाड पुठ्ठे चिकटवले होते, तेही मीच. एकदा वही विसरल्यामुळे तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. तेव्हापासून सगळी पुस्तकं रोज न्यायची, हा नियमही माझाच.

बाजूला उभ्या असलेल्या म्हाताऱ्या हमालानं पट्टा उचलून पाहिला.

“आमी पोतं पाठीच्या मधात घेतो भाऊ. एका खांद्यावर ओढत चालला तं माणूस चार दिवसांत घरी बसते. तुमी तं घरच्या घरी हमाल केला, तोही बिनशिकवलेला.”

बाकीचे हमाल हसले. मला हसू आलं नाही.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तिला हात जोडून पुढे वाकायला लावलं आणि मागून पाहिलं. तेवढा वेळ मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधले रविवार मोजत होतो.

“वाकल्यावर पाठ दोन्हीकडे सारखी दिसते,” ते म्हणाले. “मणका फिरलेला नाही. दप्तरानं हाड वाकत नसतं. पण अंगाला वाकडं राहायची सवय लागते आणि पाठ दुखते. दोन पट्ट्यांचं दप्तर घ्या, लागतील तेवढीच पुस्तकं द्या, तिला खेळू द्या. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. आणि दुखतं म्हणाली तर ऐका.”

त्याच संध्याकाळी मी पुठ्ठे सोलून काढले. नुसते पुठ्ठेच नऊशे ग्रॅम भरले. नवं दप्तर वेळापत्रकाप्रमाणे भरून साडेतीन किलो झालं. तेही मला जास्तच वाटत होतं. मग डब्याबरोबरची पाण्याची बाटली काढली, कारण शाळेत हातपंप होता.

सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे जाण्याआधी मी तिला तोच स्कर्ट घालून शिंप्याकडे नेलं आणि स्वतः मोजलं. तेवढ्यात ती उंचही झाली होती. डावीकडे सोळा इंच, उजवीकडे सोळा इंच.

“झालं न भाऊ समाधान?” शिंपी म्हणाला.

मी मुलीला विचारलं, “आता दुखते का?”

तिनं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. “नाई.”

“दुखलं तं सांगशील न?”

“सांगीन,” ती म्हणाली. “पण तुमी मंग म्हणाल, तुले कुठची कंबर आली.”