लेकीच्या तळघरातला बंब

मी तांबटाची मुलगी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्याचं श्रेय कुणी माझ्या नशिबाला देऊ नये. जुन्या नाशकात तांबट लेनमध्ये आमचं घर होतं आणि घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचं दुकान. नवे बंब ते कमीच घडवायचे. त्यांच्याकडे यायचे ते आजारी बंब. थंडी पडली की रांग लागायची. कुणाचा बंब धूर ओकतोय, कुणाचा गळतोय, कुणाचा पेटतो पण पाणी कोमटच्या पुढे जायला तयार नाही. वडील हातोडी उचलायच्या आधी बंब पेटवायला लावायचे आणि शेजारी बसून नुसतं ऐकायचे. मग म्हणायचे, "याला भूक नाही लागलेली, याचा श्वास कोंडलाय." आणि मग खालची जाळी उचलायची, साठलेली राख ओढून काढायची, मधल्या नळकांड्यातली काजळी खरवडायची. खालून वारा मिळाला रे मिळाला की बंब घुमायला लागायचा. मी तिथेच बसून गृहपाठ करायचे, त्यामुळे पाढ्यांबरोबर बंबाचे आवाजही पाठ झाले.

लग्न होऊन गंगापूर रोडला आले तेव्हा वडिलांनी मला बंब दिला. पुढे नव्वदच्या दशकात आजूबाजूचे बंगले जाऊन अपार्टमेंट उभी राहिली, घरोघरी, आमच्याकडेही, गिझर आले आणि बाकीच्यांचे बंब भंगारात गेले. माझा परसात होता तिथेच राहिला. शेजारीण एकदा तोंड वाकडं करून म्हणाली, "धूर येतो हो तुमच्या बंबाचा." मी म्हटलं, "येतो ना! लाइट गेली की बादली घेऊन या, धुरासकट पाणी देते." आली की नाही? आलीच मुकाट्याने! माझी लेक मात्र कॉलेजात जायला लागल्यापासून त्याच्यावर रुसलेली. मैत्रिणी आल्या की परसाचं दार लोटून घ्यायची. "आई, म्युझियमला देऊन टाक तो," म्हणायची. मी म्हणायचे, "देते की. आधी तू त्याच्या पाण्याने अंघोळ करणं सोड." ते काही तिने सोडलं नाही.

दोन हजारनंतर तिचं लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर अमेरिकेत गेली. जावई कॉम्प्युटरमधले, स्वभावाने गरीब गाय. पण नोकरी कुठे मिळावी, तर देशाच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे दिवाळी संपली की बर्फ पडायला लागतं ते होळीपर्यंत वितळत नाही. तिथे तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही आमच्याकडची रीत. डॉक्टरांनी तिला विमानात बसायला मनाई केली. मग मी निघाले, तर माझ्या व्हिसाचं जमलं नाही. मुंबईला जाऊन खिडकीपुढे उभी राहिले, पलीकडच्या माणसाने दोन प्रश्न विचारले आणि कागद परत सरकवले. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! कसारा घाट येईपर्यंत मी बसमध्ये रागावलेली होते आणि घाट चढल्यावर रडले. माझ्या लेकीला बाळ होणार आणि तिच्या अंगाला तेल लावायला मी नाही, हे काही केल्या गळी उतरेना.

मग जे हातात होतं ते केलं. ओळखीतला एक मुलगा तिकडे चालला होता, त्याच्या गळ्यात पार्सल मारलं. डिंकाचे लाडू, आळीव, बाळगुटी, झबली, आणि दुपट्यांसाठी माझी धुऊन धुऊन मऊ झालेली सुती पातळं. नात झाल्यावर रोज फोनवरून माझं बाळंतपण चालू. कान बांध. गार पाण्यात हात घालू नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वारा. "बाळंतिणीला वारा लागला की जन्माचं दुखणं मागे लागतं," मी रोज बजावायचे. "घरात फट दिसली की बुजव. चिंधी कोंब, कागद कोंब, काहीही कर, पण गार वारा आत येता कामा नये." ती "हो गं आई" म्हणायची. डोकं दुखतंय म्हणाली तेव्हाही मी हेच सांगितलं, की वारा लागला असणार, कान घट्ट बांध.

जानेवारी होता. नाशकातही हुडहुडी भरली होती. सकाळी मी परसात बंबापाशी हात शेकत बसले होते आणि आमचे हे पेपर वाचत होते. तेवढ्यात फोन वाजला. लेकीच्या आवाजावरूनच कळलं की ती रडून थांबलेली आहे.

"आई, फर्नेस बंद पडलंय."

या फर्नेसबद्दल मला जावयांनी आधी सांगितलं होतं. तिकडे प्रत्येक घराच्या तळघरात पत्र्याचं एक मोठं धूड असतं. ते गॅसवर पेटतं, हवा तापवतं आणि नळ्यांमधून घरभर सोडतं. ते बंद पडलं म्हणजे घराचा बर्फखाना. तिथे संध्याकाळ झाली होती, बाहेर बर्फाचं वादळ, रस्ते बंद. दुरुस्तीवाला दुसऱ्या दिवशी दुपारी येणार, कारण सगळ्या गावाचीच फर्नेसं बिघडलेली. घर गार पडत चाललं होतं आणि बाळाचे हात थंड लागत होते.

"तू काही करू शकणार नाहीस गं," ती म्हणाली, "नुसती बोल माझ्याशी."

नुसती बोल? हे ऐकून मला असं काही लागलं म्हणता! मी म्हटलं, "रडायचं नंतर बघू. जावईबापूंना फोन दे."

जावई गडबडलेले, पण कामाला लागलेले होते. भिंतीवरच्या तापमानाच्या डबीतले सेल त्यांनी बदलले होते. हवा गाळायची जाळी धुळीने काळी झाली होती, ती काढून नवी घातली होती. बटणं, फ्यूज सगळं तपासलं होतं. मी म्हटलं, "शाब्बास. आता तो वागतो कसा ते सांगा."

"आई, त्याच्या अंगावर एक बारकं लाल बटण आहे. ते उसळून बाहेर येतं. आत दाबलं की फर्नेस पेटतं, थोडा वेळ चालतं आणि परत बटण उसळून बंद. दुपारपासून हेच चाललंय."

"एकदा दाबा आणि फोन त्याच्यापाशी धरा."

"अगं, इतक्या लांबून तुला काय ऐकू येणार?" आमच्या ह्यांनी पेपर खाली करून विचारलं.

"तुम्ही गप्प बसा हो जरा!"

आधी पंख्याची घरघर आली. मग टिकटिक, मग भप्प करून जाळ धरला. छान पेटला होता. मी डोळे मिटून ऐकत राहिले. थोड्या वेळाने त्या आवाजाला दम लागला. फुरफुर, फुरफुर, मधेच गप्प, परत फुरफुर. आणि खट्. बंद.

असा आवाज मी शेकड्याने ऐकला होता. "जावईबापू, त्याला भूक नाही लागलेली. गॅस मिळतोय म्हणून तर पेटतो. त्याचा श्वास कोंडलाय. धूर बाहेर कुठून जातो?"

धूर छपरावरच्या नळीतून जात होता. वर बर्फ साचून तीच बुजली असणार, असं मी छातीठोकपणे सांगितलं. बिचारे जावई कोट-बूट चढवून, टॉर्च घेऊन त्या वादळात गेले आणि दात वाजवत परत आले. नळी अगदी मोकळी होती. मी पडले तोंडावर. पेपरमागे आमच्या ह्यांच्या भुवया वर गेलेल्या मला दिसल्या.

तेवढ्यात लेकीने फोन घेतला. "आई, मी जरा आडवी होते. डोकं फारच ठणकतंय, आणि मळमळतंय. बाळही सारखं पेंगतंय."

मला एकदम आठवलं. तांबट लेनमध्ये मी लहान असताना समोरच्या घरात थंडी म्हणून दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी आत घेतली होती. त्यांचीही आधी डोकीच दुखली होती. मग माणसं बेशुद्ध सापडली. वडिलांनी दार फोडून एकेकाला ओढत अंगणात आणलं, म्हणून वाचली. डोकेदुखी म्हणजे वारा लागला असं मी या पोरीला दोन दिवस सांगत होते! आणि विषारी हवेची सूचना देणारी घंटा त्यांच्या त्या जुन्या भाड्याच्या घरात नव्हती.

"खिडक्या उघडा!" मी ओरडले. "सगळ्या! आत्ता!"

"आई, बाहेर वादळ आहे, बाळ गारठेल..." जावई फोनवर येऊन म्हणाले.

"दुलईत गुंडाळा तिला, दोघींना वरच्या मजल्यावर उघड्या खिडकीत बसवा. आणि त्या लाल बटणाला परत हात लावलात तर याद राखा! ते उसळतंय ते तुम्हाला वाचवायला."

खिडक्या सरकल्याचे आवाज आले आणि फोनमधून वारा सूं सूं करायला लागला. जन्मभर बाळंतिणीला वाऱ्यापासून जपणारी मी, स्वतःच्या लेकीला बर्फाच्या वादळात उघड्या खिडकीत बसायला सांगत होते. पण आवाज मी खणखणीत ठेवला.

आता घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायचं होतं. धूर जायची वाट मोकळी, मग श्वास कोंडला कुठे? वडील खालची राख काढायचे ते आठवलं. जाळाला धूर सोडायला वाट लागते तशी वारा घ्यायलाही लागते.

"जावईबापू, या यंत्राला बाहेरून वारा कुठून मिळतो?"

"वारा? माहीत नाही आई. घरातलाच घेत असेल."

"दारं-खिडक्या बंद केलेल्या घरात कुठून घेणार? भिंतीतून आत आलेली एखादी नळी बघा."

ते शोधत होते, तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या फोनवरून लेकीचा अगदी बारीक आवाज आला. "आई, तळघरात एक जाड नळी होती. भिंतीतून खाली येणारी. तिच्यातून भसाभसा गार वारा यायचा."

"यायचा म्हणजे?"

"तू म्हणाली होतीस ना, काहीही कोंब. मी त्या नळीत तुझं हिरवं पातळ कोंबलंय."

आमच्या ह्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"मी फट म्हणाले होते गं!" मी कडाडले. "नळी कुणी सांगितली होती तुला?"

"मला वाटलं, केवढी मोठी फट!"

"बरं. चूक कुणाची याचं कोर्ट मागाहून बसवू. जावईबापू, आधी ते पातळ ओढून काढा."

त्यांनी ओढायला सुरुवात केली. बाई गं, अख्खं पातळ ठासून भरलं होतं कार्टीने! शेवटचं टोक निघालं तसे जावई ओरडले, "आला, आई! काय वारा आहे!" मी म्हटलं, "येऊ दे. पोटभर येऊ दे." घरातली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत मी त्यांना थांबवलं. लेकीला सारखं विचारत राहिले, डोकं कसं आहे, बाळ डोळे उघडतं का. तिचा आवाज हळूहळू स्वच्छ झाला. बाळाने तर असं भोकाड पसरलं की मला देव भेटल्यासारखं झालं.

मग म्हटलं, "आता दाबा बटण."

घरघर. टिकटिक. भप्प. आणि मग तो एकसुरात घुमायला लागला. कुठे फुरफुर नाही, कुठे अडखळणं नाही. मी वाट बघत होते, कानाची पाळी दुखेपर्यंत रिसीव्हर दाबून धरला होता. मागे परसात माझ्या बंबाचं झाकण उकळून थडथडत होतं, तिकडे कुणी बघायला तयार नव्हतं. आमचे हे माझ्या खांद्याला खांदा लावून फोनला कान देत होते.

"चालतोय, आई," जावई म्हणाले. "बटण आतच आहे. गरम हवा यायला लागली."

"जिंकलो!" मी असं ओरडले की शेजारीण कुंपणापाशी धावत आली. मी तिच्या तोंडात साखर घातली, ह्यांच्या तोंडात घातली. ह्यांनी साखर चघळत मोठ्या आदराने विचारलं, "आपला गिझर मधेच बंद पडतो, तोही जरा ऐकतेस का?"

मी जावयांना बजावून गॅसवाल्यांच्या तातडीच्या नंबरावर फोन करायला लावला. त्यांचा माणूस वादळ ओसरताच आला, घरातली हवा मोजली, फर्नेस तपासलं आणि सगळं ठीक आहे म्हणाला. दोष कुणी शोधला, असंही त्याने विचारलं. जावयांनी सांगितलं, सासूबाईंनी, भारतातून, कानाने. त्याचा विश्वास बसला की नाही कोण जाणे. माझी लेक म्हणे त्याच्यापुढे ताठ मानेने उभी राहिली आणि म्हणाली, "माझी आई बंबवाल्याची मुलगी आहे." बंबाला इंग्रजीत काय म्हणाली ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. घर उबदार झालं होतं, डोकं थांबलं होतं, बाळ मांडीवर झोपलं होतं. बोलता बोलता ती म्हणाली,

"आई, काही म्हण, पण तू इथे असायला हवी होतीस."

हेच वाक्य मी इतके दिवस उशीत तोंड खुपसून म्हणत आले होते. त्या दिवशी मात्र ते ऐकताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मला हसूच फुटलं.

"नाही गं बाई," मी म्हटलं. "मी तिथे असते ना, तर ते पातळ मीच कोंबलं असतं. आणि वर तुझ्याशेजारी कान बांधून झोपले असते."