प्लास्टिकच्या पाया पडणारे

वेरूळच्या लेण्यांसमोर आमची काकडीची गाडी आहे. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, तिला दुकान म्हणतात. उन्हात उभं राहून ओरडायचं, काकडी सोलायची, तिखट-मीठ लावून द्यायची आणि पर्यटकानं ती माकडाला चारून स्वतःचा फोटो काढायचा, असा हा धंदा. लग्नानंतर मी इतक्या काकड्या सोलल्या की सालींचा ढीग केला असता तर लेणी कोरायला शेजारी दुसरा डोंगर मिळाला असता.

म्हणून मी शहरात नर्सिंग असिस्टंटच्या कोर्सला नाव घातलं. आत्यांनी कपाळाला हात लावला.

"लोकांचं हागणं-मुतणं काढायला फी भरून शिकायचं? माझ्याकडून फुकट शिकली असतीस."

"तिथं सर्टिफिकेट देतात, आत्या."

"देतील नायतर काय! पण ऐकून ठेव. नापास झालीस तर दिवाळीपासून गाडी तुझी. मग कोर्स नाय, एसटी नाय, काय नाय. जन्मभर इथंच."

आत्या शब्दाला पक्क्या. म्हणजे एक तर पास, नाही तर जन्मभर माकडांची सेवा.

संस्था चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती. बोर्ड मात्र एवढा मोठा की खालचं दुकान त्याच्या सावलीत अंधारात पडायचं. सर पांढरा कोट घालायचे आणि गळ्यातला स्टेथोस्कोप जेवतानाही काढायचे नाहीत. त्यातून त्यांनी कुणाची छाती ऐकली असेल तर ती स्वतःचीच, तीही कौतुकानं. संस्थेचं सगळ्यात मोठं वैभव म्हणजे माणसाएवढा प्लास्टिकचा पुतळा. शिकायचं सगळं त्याच्यावरच. पहिल्या दिवशी सरांनी त्याच्यापुढं नारळ फोडला.

"हा आपला पहिला रुग्ण. रुग्ण म्हणजे देव. पाया पडल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही!"

झालं. फुलंब्रीच्या पोरी, लासूर स्टेशनची पोरं, सगळे रोज रांगेनं त्या प्लास्टिकच्या पाया पडायला लागले. इतके पडले की त्याच्या अंगठ्यांचा रंग उडाला. खंडेनवमीला तर त्याला हार घातला, हळदकुंकू लावलं, आरती केली. एकीनं नवससुद्धा बोलला असावा, कारण तिचे ओठ बराच वेळ हलत होते.

मी काही वाकले नाही.

"बाई, लई माज आहे का तुला?" सर म्हणाले.

"सर, मी सासूच्या पाया पडते तेवढं बस झालं. ती आशीर्वाद नाही देत, पण निदान शिव्या तरी देते."

सरांनी मग मला पुतळ्याजवळ फारसं फिरकू दिलं नाही. माझं काही अडलं नाही. सराव मी घरी नवऱ्यावर केला. अंथरुणावरचा माणूस न उठवता त्याच्या खालची चादर बदलायची असते. त्याला कुशीवर वळवायचं, जुनी गुंडाळायची, नवी सरकवायची. आमचे हे झोपले की भूकंपसुद्धा परत जातो. मी एका दुपारी घरातल्या सगळ्या चादरी त्यांच्या खालून काढल्या-घातल्या, शेवटी शेजारणीच्याही मागून आणल्या. उठल्यावर म्हणाले, "आज झोप लई छान लागली."

परीक्षेला बाहेरून एक रिटायर्ड मेट्रन आल्या. त्यांनी नुसतं बघितलं तरी खोलीतले जंतू मरत असावेत. काम दिलं सोपं: बेशुद्ध पेशंटचं तोंड साफ करा. पहिली फुलंब्रीची. तिनं हात धुतले, कोपरापर्यंत, अगदी सुंदर. हातमोजे चढवले. पुतळ्याजवळ गेली, वाकली, दोन्ही हात त्याच्या पायांना लावले आणि तेच हात त्याच्या तोंडात घातले.

"थांब!" मॅडम ओरडल्या. "पायाचे हात पेशंटच्या तोंडात? पुढचा!"

पुढचा लासूरचा. त्यानं हे सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरी कंबर वाकलीच. सवय! त्यानं तर पायांवर डोकंही टेकलं. मागं सर अजून हसऱ्या चेहऱ्यानं उभे, जणू त्यांच्याच पाया पडणं चाललंय. मग एकेक जण हात धुऊन यायचा, पाया पडायचा, नापास व्हायचा.

माझी पाळी आली. हात धुतले, मोजे घातले, लाळ घशात जाऊ नये म्हणून पुतळ्याची मान एका बाजूला वळवली आणि त्याचं तोंड असं घासलं की त्याला दात असते तर चमकले असते.

"तू नाही पाया पडलीस?" मॅडमनी विचारलं.

"आधी तोंड होऊ द्या, मॅडम. आशीर्वाद काय पायानं देणार का तो?"

मॅडम हसल्या. मी पास. बाकीच्यांना पुन्हा परीक्षेला बोलावलं. आणि सर लगेच पुढं होऊन म्हणाले, "ही मी खास तयार केलेली विद्यार्थिनी!" माणसाला लाज नसली की कोट किती शुभ्र राहतो, ते मी त्या दिवशी बघितलं.

वेरूळला उतरले तेव्हा गाडीसमोर ही गर्दी. आत्यांनी न बघताच सुरी माझ्यापुढं धरली.

"झालीस ना नापास? धर."

"पास झाले. परीक्षेच्या मॅडमनी सोमवारपासून एका दवाखान्यात कामाला लावलंय."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. सुरीकडं बघितलं. मग ती मागं घेतली.

"मग हो बाजूला. गिऱ्हाईक खोळंबलंय."

आणि स्वतःच ओरडायला लागल्या. काय तो आवाज! माकडं पार घृष्णेश्वराच्या कळसावर जाऊन बसली. मी बाजूला उभी राहून, एक काकडी विकत घेऊन, निवांत खाल्ली.