पाठीमागचा दिवस

पडदा वर जावा तसं धुकं वर जायचं आणि तितिकाका सरोवराच्या मधोमध एक लाकडी नाव दिसायची. वल्ही मारायची तोरिबिया पाकोसिल्यो. डोक्यावर काळी वाटोळी टोपी, आणि जिकडे जायचं तिकडे पाठ. वल्हेकऱ्याला दुसरं बसणं नाहीच. पण ही चुकूनही मान वळवायची नाही.

आम्हा आयमारा लोकांचा काळच तसा बसलेला. झालं ते डोळ्यांसमोर, कारण ते पाहिलेलं असतं. यायचं ते पाठीमागे. तिथे कुणाला डोळे आहेत? उद्याला आम्ही पाठीमागचा दिवस म्हणतो. तोरिबियाचा नवरा नासारियो जाळं घेऊन निघाला तेव्हा एवढंच म्हणाला होता, "पाठीमागच्या दिवशी येतो गं!" आला नाही. ना नाव सापडली, ना प्रेत.

बुडाला असेल तर रडायचं, पळाला असेल तर शिव्या घालायच्या. तिचं दोन्ही अडलं. तिने सुतकाचं काळं नेसलं नाही. पाण्यावर कधीमधी मानेला गार श्वास लागे, ओल्या लोकरीचा वास येई. मग ती वल्ही थांबवून खांदा जरा खाली करी, कुणी हात ठेवावा म्हणून. हात कधी पडला नाही.

धक्क्यावर मासे भाजणारी बासिलिया खवचट. "अगं, तुझा नासारियो आरिकाच्या बंदरात दुसरीच्या हातचं खात असेल!"

"खाऊ दे. घशात काटा अडकला की आठवेन मी."

त्या वर्षी ला पासहून पाणबुडे आले. जुन्या राजांनी सरोवराला वाहिलेल्या दगडी पेट्या शोधायच्या होत्या. नाव तोरिबियाची ठरली. पेट्या जिथे असतील म्हणत त्या खडकाजवळ पोचल्यावर तिने पाण्यात कोकाची पानं सोडली. "सरोवर आमची आई. आईच्या पेटाऱ्यात हात घालताय, आधी विचारा तरी!"

एदमुंदो नावाचा टकला पाणबुडा वर आला तो पेटीशिवाय. हातात भोक पाडलेला नांगराचा दगड, त्याला लोकरीचा दोर.

"मावशी, हा काही राजाचा नाही. खाली एक फुटकी नाव आहे, तिचा."

तोरिबियाने दोर चाचपला. पीळ डावा होता. घरच्या माणसावर संकट येऊ नये म्हणून आमच्याकडे बायका उलटा पीळ देतात. लग्नाच्या वर्षी हा तिनेच वळला होता. एका जागी गाठ चुकलेली. ती बोटांना लगेच सापडली.

"सोड खाली," ती म्हणाली.

"अहो, पण तुमच्या ओळखीचा असेल तर..."

"आईकडे गेलेलं परत मागत नाहीत. सोड म्हणते ना!"

दगड गेला. बुडबुडे आले, थांबले.

परतताना तो खडक तिच्या समोर होता, हळूहळू लहान होत जाणारा. मानेला आज श्वास लागला नाही. गालांवरून पाणी वाहत होतं, पण वल्ह्यांचा ठेका चुकला नाही.

"मावशी, मागे बघा! धक्का आला, नाव आपटेल!"

"मागचं तू बघ रे बाबा," तोरिबिया म्हणाली. "माझा माणूस आज समोर आलाय."